वाटाड्यावांचून रानाची वाट

मुंबईहून कसाऱ्याकडे जाणारी लोकल गाडी आसनगांव, आटगांव, खर्डी हीं स्थानकें मागें टाकून उंबरमाळीस पोंचते, तोंपर्यंत डब्यांतील गर्दी बहुतेक ओसरलेली असते. उंबरमाळी हें ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यांतील एक लहानसें गांव. त्याच्या पुढचें स्थानक कसारा, आणि कसाऱ्यापुढें थळघाट. या घाटांतून १८६५ सालीं लोहमार्ग सुरू झाला; त्याची चढण ३७ फुटांस १ फूट इतकी कडक आहे. स्थानकाबाहेर पडलें कीं भाताचीं खाचरें, त्यांपलीकडे साग व ऐन यांचें रान, आणि पूर्व क्षितिजावर सह्याद्रीची उभी भिंत असा देखावा दिसतो. दक्षिणेस मुरबाड तालुक्याच्या टोंकापर्यंत ही भिंत अशीच चालत गेली आहे.

सुटीच्या दिवशीं सकाळीं या बाजूच्या स्थानकांवर पाठीवर सॅक घेतलेले तरुण उतरतांना दिसतात. दोनतीन दिवसांचा शिधा, पांघरूण, विजेरी, एखादा नकाशा व पाण्याच्या बाटल्या एवढा त्यांचा संसार असतो. त्यांतले पुष्कळजण मुद्दाम वाटाड्या घेत नाहींत. आपली वाट आपणच शोधावी, आपला मुक्काम आपणच ठरवावा आणि रानांत कांहीं काळ रानाचेंच होऊन राहावें, अशी त्यांची हौस असते. ही हौस चांगली कीं वाईट असा प्रश्न आतां उरलेला नाहीं. ती वाढतच जाणार. तेव्हां अशा प्रवासापासून मनुष्यास काय मिळतें, त्याला काय शिकून घ्यावें लागतें, आणि त्याच्यावर कोणाचें ऋण चढतें, याचा विचार करणें हेंच अधिक उपयोगाचें आहे.

हा छंद केवळ महाराष्ट्रांतला नव्हे. उत्तर युरोपांतील नॉर्वे, स्वीडन व फिनलंड या देशांत तो फार जुना आहे, आणि तेथें त्याचें स्वरूप आपल्याहून अगदींच निराळें आहे. तेथील हिवाळा लांब. डोंगर, पठारें, सरोवरें सर्व बर्फाखालीं जातात. अशा वेळीं पायांस स्की बांधून लोक घराबाहेर पडतात. स्की म्हणजे लांब, अरुंद, पुढें वर वळलेल्या फळ्या. त्या पायांस बांधल्या म्हणजे मनुष्य मऊ बर्फांत रुतत नाहीं, उतारावरून घसरत जातो आणि सपाटीवर दोन काठ्यांच्या आधारानें लांब लांब टांगा टाकीत पुढें सरकतो. एका निवाऱ्यापासून दुसऱ्या निवाऱ्यापर्यंत असे पांच पांच, सात सात दिवसांचे प्रवास सामान्य गृहस्थही बायकामुलांसह करितात. नाटककार हेन्रिक इब्सेन यानें १८५९ सालच्या एका काव्यांत 'फ्रिलुफ्त्सलिव्ह' हा शब्द योजिला. त्याचा अर्थ मोकळ्या हवेंतील जीवन. तो शब्द पुढें त्या सर्व प्रदेशांत रूढ झाला.

परंतु नॉर्वेचा मनुष्य वाटाड्यावांचून जातो, याचा अर्थ तो कोणाच्याही आधारावांचून जातो असा नाहीं. त्या देशाची डोंगरभ्रमण संस्था १८६८ सालीं स्थापन झाली. आज तिच्याशीं जोडलेले निवारे ५०० हून अधिक आहेत. त्यांपैकीं पुष्कळांत राखणदार नसतो. सभासदापाशीं किल्ली असते. आंत सरपण असतें आणि ठराविक निवाऱ्यांत कोठीही भरलेली असते. प्रवाशानें चूल पेटवावी, लागेल तें घ्यावें, वहींत नोंद करावी, पैसे भरावे, आणि निघण्यापूर्वीं पुढच्यासाठीं लांकडें फोडून ठेवावीं, असा परिपाठ आहे. हिवाळी वाटांवर ठराविक अंतरावर काठ्या रोवलेल्या असतात, म्हणजे धुकें व हिमवर्षाव यांत दिशा चुकूं नये. काठी रोवणारा समोर नसतो, आणि तरीही पावलोपावलीं तोच वाट दाखवीत असतो.

फ्रित्यॉफ नान्सेन याची कथा या दृष्टीनें लक्षांत ठेवण्यासारखी आहे. १८८८ सालीं त्यानें ग्रीनलंडचें हिमपठार पूर्वेकडून पश्चिमेकडे स्कीवरून ओलांडलें. हें पठार आरपार ओलांडणारी ती पहिलीच तुकडी. नान्सेनचें नांव जगभर झालें. परंतु त्या तुकडींत सहा माणसें होतीं, आणि त्यांपैकीं सामुएल बाल्टो व ऊले राव्ना हे दोघे सामी जातीचे होते. उत्तरेकडील सामी लोक पिढ्यान्‌पिढ्या रेनडिअर पाळून बर्फांत राहत आलेले. स्की ही त्यांच्या नित्याच्या वापरांतली वस्तु. तेव्हां जें धाडस एकट्या नान्सेनच्या नांवावर जमा होतें, त्याच्या पाठीशीं बर्फांत जन्म काढणाऱ्यांचें ज्ञानही होतें.

आतां पुन्हां शहापूर-मुरबाडच्या रानांत येऊं. येथें बर्फ पडत नाहीं. पण वाट पुसून टाकण्याचें काम येथें पाऊस करितो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत चार महिने डोंगरावरून पाण्याचे लोट वाहतात. ओढ्यांच्या कांठची माती वाहून जाते, घाटांतील दगड जागा बदलतात, आणि पाऊस थांबतो न थांबतो तोंच पुरुषभर गवत उभें राहतें. मे महिन्यांत जी पायवाट स्वच्छ दिसत होती, ती ऑक्टोबरांत गवताखालीं दिसेनाशी होते. त्यांतच ढोरवाटा मिसळतात. चरावयास जाणारीं गुरें रोज नव्या गवताकडे वळतात, आणि त्यांच्या खुरांनीं पडलेल्या वाटा माणसांच्या वाटांहूनही ठळक असतात. शहरांतला प्रवासी अशी एखादी वाट धरतो. ती अर्धा मैल छान चालते, मग दोन होतात, मग चार, आणि शेवटीं एखाद्या करवंदीच्या जाळींत सगळ्याच संपतात. डोंगरांत चुकलेल्या कित्येकांच्या हकीकतींचा आरंभ असाच झालेला असतो.

हीं चिन्हें ओळखणें ही एक विद्या आहे, आणि ती शिकतां येते. माणसें डोक्यावर मोळ्या व हंडे घेऊन ज्या वाटेनें जातात, त्या वाटेवरच्या फांद्या भाऱ्याच्या उंचीपर्यंत मोकळ्या झालेल्या असतात. ढोरवाटेवर फांद्या चालणाऱ्याच्या छातीशीं व तोंडाशीं येतात. जुन्या घाटवाटेचे दगड पायांखालीं झिजून गुळगुळीत झालेले असतात. रानांत एकाएकीं बोडकीं झालेलीं, फांद्या छाटलेलीं ऐनाचीं झाडें दिसूं लागलीं, तर जवळ भातशेती आहे असें खुशाल समजावें. या भागांतील शेतकरी उन्हाळ्यांत ऐनाच्या फांद्या, पालापाचोळा व शेण पसरून रोपाची जागा भाजतात. यालाच राब म्हणतात. राबासाठीं छाटलेलें झाड दिसलें कीं पाडा फार दूर नसतो. वाट चुकलेल्या मनुष्यास तें बोडकें झाड एखाद्या दीपस्तंभासारखें आधार देतें.

उंबराचेंही तसेंच. उंबरमाळीच्या नांवांतच हें झाड आहे. वराहमिहिरानें सहाव्या शतकांत लिहिलेल्या बृहत्संहितेंत दकार्गल नांवाचा एक अध्याय आहे. कोणत्या झाडाजवळ जमिनींत पाणी सांपडतें याचे ठोकताळे त्यांत दिलेले असून त्यांत उंबराचाही उल्लेख आहे. ओढ्याच्या कांठीं, झऱ्याच्या तोंडीं हें झाड हटकून दिसतें. डोंगराच्या कुशींत उन्हाळ्यांतही एखाद्या ठिकाणीं हिरवा उंबर उभा दिसला, तर तेथें जाऊन पाहणें वायां जात नाहीं.

अशा खुणा वाचीत चालूं लागलें म्हणजे मनुष्याच्या वृत्तींत हळू हळू फरक पडतो. पहिल्या दिवशीं त्याचें लक्ष पाठीवरच्या ओझ्याकडे, पायाच्या फोडांकडे आणि घड्याळाकडे असतें. वाटाड्या बरोबर असता तर त्याच्या टांचांकडे पाहत हा दिवस सहज गेला असता. एकट्यानें चालणाऱ्यास तसें करितां येत नाहीं. त्याला डोळे वर उचलावे लागतात, कान उघडे ठेवावे लागतात, वारा कोठून येतो हें पाहावें लागतें. प्रथम गरजेपोटीं दिलेलें हें लक्ष दुसऱ्या दिवशीं सहज होतें. तांबट पक्ष्याचा एकसारखा ठोका, रातव्याची संध्याकाळची हांक, पहांटे मोहाच्या झाडाखालीं टपटपणाऱ्या फुलांचा मादक वास, पावसाच्या तोंडावर एखादें अख्खें झाड उजळविणारे काजवे, यांची नोंद घेण्यास मग वेगळा प्रयत्न लागत नाहीं. लोक रानांत रमणें म्हणतात तें हेंच. शरीर आणि मन एकाच कामास लागलेलें असतें, आणि शहरांतील असंख्य लहान लहान काळज्यांना शिरावयास जागाच उरत नाहीं.

लक्षपूर्वक पाहणाऱ्यास रान काय देतें, याचें एक उदाहरण याच तालुक्यांतलें आहे. रानपिंगळा नांवाचें एक छोटें घुबड १८८४ नंतर कोणास खात्रीनें दिसलें नव्हतें. तें जगांतून नाहींसें झालें असें अनेकांनीं धरून चालविलें होतें. १९९७ सालीं तें नंदुरबारकडील शहाद्याच्या परिसरांत पुन्हां आढळलें. पुढें २०१४ सालीं तें तानसाच्या अभयारण्यांतही असल्याचें दिसून आलें. मुंबईपासून शंभर किलोमीटरांच्या आंत, लोकल गाडीच्या रुळांपासून फार दूर नसलेल्या रानांत हा पक्षी राहत होता; आणि विशेष म्हणजे इतर घुबडांप्रमाणें तो केवळ रात्रींचा नसून दिवसांही वावरणारा आहे. तो लपलेला नव्हता. पाहणारे डोळे उशिरां तेथें गेले.

रानांत स्वतःच्या पायांनीं जाण्याची ही रीत या प्रदेशांत आजची नाहीं. मुरबाडहून माळशेजच्या वाटेवर वैशाखरे गांव लागतें. तेथून नाणेघाटाची पायवाट चढून वर जुन्नरकडे जाते. सुमारें २००० वर्षांपूर्वीं सातवाहनांच्या काळीं कोंकणांतील बंदरें आणि देशावरील जुन्नर यांच्यामधील व्यापार याच घाटानें चाले. घाटमाथ्याजवळच्या लेण्यांत राणी नागनिकेचा प्रसिद्ध ब्राह्मी शिलालेख आहे. त्यांत यज्ञांचीं व दानांचीं वर्णनें असून भारतांतील अंकचिन्हांच्या फार जुन्या नमुन्यांपैकीं कांहीं त्यांत पाहावयास मिळतात. वर एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीचीं नाणीं त्यांत टाकीत असत अशी लोकांची समजूत आहे.

परंतु चालणाऱ्याच्या दृष्टीनें नाणेघाटांतील सर्वांत महत्त्वाची वस्तु शिलालेखही नव्हे आणि रांजणही नव्हे. ती म्हणजे खडकांत खोदलेलीं पाण्याचीं टांकीं. प्राचीन लेखांत अशा टांक्यांस 'पोढी' म्हटलेलें आढळतें. धनिकांनीं, व्यापाऱ्यांनीं, भिक्षूंनीं अशीं टांकीं खोदवून तीं दान केल्याचे लेख पश्चिम महाराष्ट्रांतील लेण्यांतून आहेत. ज्या वाटसरूस दात्यानें कधीं पाहिलेलें नाहीं व पाहणारही नाहीं, त्याची तहान आधींच ओळखून पाणी खडकांत सांठविण्याची ही व्यवस्था. नॉर्वेच्या निवाऱ्यांतील भरलेली कोठी आणि नाणेघाटांतील खोदलेलें टांकें या एकाच विचाराच्या दोन तऱ्हा आहेत. एकट्याच्या प्रवासास समाजानें पूर्वींच केलेली तयारी लागते, ही गोष्ट दोन्ही ठिकाणीं सारखीच खरी.

मग आज शहापूर-मुरबाडच्या रानांत हिंडणाऱ्या मनुष्यासाठीं ही तयारी कोणी केलेली आहे? याचें उत्तर पाड्यांत आहे. ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी व कुणबी यांच्या रोजच्या येण्याजाण्यानें या वाटा जिवंत राहिल्या आहेत. नकाशावर जी ठिपक्यांची रेघ दिसते, ती प्रथम कोणा बाईच्या मोळीनें, कोणा गुराख्याच्या काठीनें, कोणा मध गोळा करणाऱ्याच्या पायांनीं पडलेली असते. मुरबाडच्या बेलपाड्याहून हरिश्चंद्रगडाच्या कोंकणकड्याकडे जाणारी नळीची वाट आज गिर्यारोहकांत प्रसिद्ध आहे. तिच्यासारख्या दगडधोंड्यांनीं भरलेल्या घळीही पायथ्याच्या लोकांस प्रथम ठाऊक होत्या, आणि शहरांतल्यांना मागाहून कळल्या.

या ज्ञानाचें मोल काय असतें हें १९४२ च्या लढ्यानें दाखवून दिलें. भाई कोतवाल यांच्या आझाद दस्त्यानें विजेचे मनोरे पाडून सरकारला हैराण केलें आणि पुढें मुरबाड तालुक्यांतील सिद्धगडाच्या रानाचा आश्रय घेतला. या मंडळींत शिकलेले तरुण होते. पण त्या दऱ्याखोऱ्यांत त्यांना तग धरतां आला तो भोंवतालच्या लोकांच्या मदतीनें. भाकरी पोंचविणारे, बातमी आणणारे, लपण्याच्या जागा दाखविणारे हात त्यांच्या पाठीशीं होते. अखेर पोलिसांस त्यांचा माग लागला आणि २ जानेवारी १९४३ रोजीं पहांटे सिद्धगडावर भाई कोतवाल व हिराजी पाटील हे धारातीर्थीं पडले. रान घर होतें कीं सापळा, हें बहुतेक वेळां तेथें राहणाऱ्या माणसांच्या हातीं असतें, याचा यापेक्षां गंभीर पुरावा हवा कशाला?

आजच्या सहलखोरापुढें असा जीवघेणा प्रसंग नाहीं. पण जीव जाण्याचे प्रसंग मात्र अजूनही आहेत. पावसाळ्यांत डोंगरावर पडलेलें पाणी थोड्या वेळांत खालीं येतें. सकाळीं घोट्याइतका असलेला ओढा दुपारीं ओलांडण्यापलीकडे जातो. २०२१ च्या जुलैंत एका रात्रींच्या पावसानें उंबरमाळी स्थानकाचे रूळच पाण्याखालीं गेले होते. मग रानांतल्या ओढ्याची काय कथा? धुक्यांत कड्याची कड आणि पठाराची कड सारखीच दिसते. उन्हाळ्यांत टांकें कोरडें निघालें तर पुढचें पाणी चार तासांवर असूं शकतें. कड्याला लोंबणारीं आग्या मोहोळें धुरानें वा गलक्यानें उठतात. हातांतील मोबाइल यंत्र उपग्रहांच्या साह्यानें जागा दाखवितें हें खरें. पण अरुंद घळींत तें चुकूं शकतें, त्याची वीज संपते, आणि ज्या वाटेवर गेल्या पावसांत दरड कोसळली ती वाटही तें पूर्वींप्रमाणेंच दाखवीत राहतें.

अशा वेळीं मनुष्याला सर्वांत कठीण जातें तें मागें फिरणें. मराठी मनास तर तें विशेषच कठीण. १६७० च्या फेब्रुवारींत सिंहगडावर तानाजी मालुसरे पडल्यावर सूर्याजीनें परतीचे दोर कापून मावळ्यांस लढावयास लाविलें, ही कथा लहानपणापासून प्रत्येकाच्या मनांत ठसलेली असते. परतीचे दोर कापणें हा आपल्या भाषेंत पराक्रमाचाच शब्द झाला आहे. नान्सेननेंही ग्रीनलंडचा निर्जन पूर्व किनारा आरंभासाठीं मुद्दामच निवडला, म्हणजे मागें फिरण्यांत कांहीं अर्थच उरूं नये.

परंतु त्याच नान्सेनच्या देशानें पुढें निराळा धडा घेतला. १९६७ सालीं ईस्टरच्या सुटींत नॉर्वेच्या डोंगरांत १८ माणसें मृत्यु पावलीं. त्यानंतर डोंगरांत वागण्याचे नियम घरोघर पोंचविण्याची मोठी मोहीम तेथें झाली. त्या नियमांतील सर्वांत प्रसिद्ध नियमाचा आशय असा कीं, वेळेवर मागें फिरावें, त्यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं. आज तेथील लहान मुलासही तो पाठ असतो.

आणि हा धडा घेण्यासाठीं नॉर्वेपर्यंत जाण्याचेंही कारण नाहीं. उंबरमाळीच्या अलीकडे आसनगांवाजवळ माहुलीचा किल्ला उभा आहे. ठाणे जिल्ह्यांतील गडांत तो सर्वांत उंच मानला जातो. १६३६ सालीं शहाजीराजांना याच गडावर वेढा पडला होता. पुढें पुरंदरच्या तहांत हा गड मोंगलांकडे गेला. ज्या फेब्रुवारींत सिंहगड घेतला, त्याच महिन्यांत माहुलीवरही मराठ्यांनीं हल्ला केला. पण किल्लेदार मनोहरदास गौड सावध निघाला, पुष्कळ माणसें पडलीं आणि मराठ्यांस माघार घ्यावी लागली. त्याच वर्षाच्या जून महिन्यांत ते पुन्हां आले आणि गड त्यांच्या हातीं आला. सिंहगडाची कथा प्रत्येकास ठाऊक आहे. माहुलीची फारच थोड्यांना. डोंगरांत जाणाऱ्यानें मात्र सिंहगडाबरोबर माहुलीचीही कथा ध्यानांत ठेवावी. युद्धांत दोर कापण्याची वेळ क्वचित् येते. सहलींत ती कधींच येत नाहीं. कडा उद्यांही तेथेंच असतो, आणि मागें फिरलेल्यास पुन्हां येतां येतें.

शेवटीं पाण्याविषयीं सांगितलें पाहिजे, कारण शहापूर तालुक्यांत कोणतीही गोष्ट पाण्यापाशींच येऊन थांबते. तानसाचें धरण १८९२ सालीं पुरें झालें. त्यानंतर वैतरणेवर व भातसेवर धरणें झालीं. मुंबईस जें पाणी मिळतें त्याचा फार मोठा भाग या तालुक्यांतील व त्याच्या सीमेवरील जलाशयांतून जातो. एकट्या भातसेचाच वाटा निम्म्याच्या आसपास आहे. आणि तरीही याच तालुक्यांतील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते. मार्च लागला कीं विहिरींचा तळ दिसूं लागतो, आणि बाया एका हंड्यासाठीं उतार चढून उतरून जातात, झऱ्याशीं वाटीवाटीनें पाणी जमा होण्याची वाट पाहत बसतात.

मुंबईचा प्रवासी जेव्हां एप्रिल महिन्यांत अशा पाड्यांत येतो, तेव्हां त्याला पाणी विचारावें लागत नाहीं. अंगणांत टेंकल्याबरोबर तांब्या पुढें येतो. तो तांब्या किती चढाचा आहे हें त्याला कोणी सांगत नाहीं. बाटल्या भरून घेतांना आणि विहिरीच्या कांठीं साबण लावून तोंड धुतांना त्याच्या मनांत हा हिशेब येत नाहीं. कारण घरीं ज्या नळाखालीं तो वाढला, त्या नळांतलें पाणीही येथूनच गेलेलें असतें, आणि तेव्हांही कोणीं त्याला हिशेब सांगितलेला नसतो. स्वावलंबनाच्या हौसेनें निघालेला हा मनुष्य एकाच तालुक्याचा असा दुहेरी ऋणी होतो.

हें ऋण फेडण्याचे मार्ग मोठे नाहींत. उन्हाळ्यांत निघतांना पाणी भरपूर घेऊन निघावें आणि पाड्यांत मागावें तें पिण्यापुरतेंच. टांक्यांत उतरून आंघोळ करूं नये; मागून येणारास तेंच प्यावयाचें असतें. शेकोटी पूर्ण विझवूनच उठावें, कारण मार्चमधला एक निखारा गवताचें अख्खें पठार जाळून जातो, आणि त्याबरोबर गुरांची वैरणही जाते. कोणी जेवूं घातलें तर योग्य तें मोल संकोच न करितां व उपकाराचा आव न आणतां द्यावें. आणि जेथें वाट कळत नाहीं तेथें विचारावें. एखाद्या आजोबांनीं "बाबा, तिकडून नको जाऊं, दरड आली आहे" असें सांगितलें, तर हातांतला नकाशा काय म्हणतो तें बाजूस ठेवून त्यांचें ऐकावें. वाटाडा न घेणें म्हणजे कोणासही न विचारणें नव्हे. उलट वाटाड्या नसलेल्या प्रवाशासच जास्त विचारावें लागतें, जास्त ऐकावें लागतें. म्हणूनच त्याचें त्या भूमीशीं आणि तिच्या माणसांशीं अधिक नातें जडतें.

२०२५ च्या जूनपासून मुंबई-नागपूर महामार्गाचा इगतपुरीपासून पुढचा शेवटचा टप्पा शहापूर तालुक्यांतून वाहूं लागला आहे. ज्या सह्याद्रीला ओलांडावयास बैलांच्या तांड्यांना दिवस लागत, त्याच्या पोटांतल्या बोगद्यांतून मोटार आतां कांहीं मिनिटांत पार होते. यांत वाईट कांहीं नाहीं. परंतु ज्यास या भूमीची ओळख करून घ्यावयाची आहे, त्याला पायांशिवाय दुसरा मार्ग अजूनही नाहीं. उत्तरेकडील बर्फांत काय किंवा उंबरमाळीच्या रानांत काय, जो मनुष्य आपल्या पायांनीं जातो, आपल्या डोळ्यांनीं वाट शोधतो, ती सांपडल्यावर ती कोणी पाडली याची आठवण ठेवतो, आणि सांपडली नाहीं तर सुखरूप मागें फिरतो, त्यालाच त्या प्रवासाचें खरें सुख मिळतें. आणि पुढच्या खेपेस तो पुन्हां त्याच पाड्यांत आला, तर तेथें त्याला ओळखणारें कोणीतरी असतें.